भरपाईच्या गोळ्या

बस डेपोत ड्यूट्या लावायचं काम मी एकोणतीस वर्षं करतोय. कुठला ड्रायव्हर कुठल्या गाडीवर, कोणाची साप्ताहिक सुट्टी कधी, कोण आजारी आहे आणि कोण आजारी असल्याचं सांगतोय, हे सगळं माझ्या एका तक्त्यावर असतं. मला सगळे मास्तर म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या तक्त्यात रिकामा रकाना राहत नाही. राहिला तर मला जेवण जात नाही, आणि दुसऱ्या कुणाला मी ते नीट जाऊ देत नाही.

हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं ते माझ्या निष्काळजीपणामुळे झालं असं कुणी म्हणेल, तर ते खरं नाही. निष्काळजी माणूस गोळी द्यायला विसरला असता आणि आपण विसरलो हेही विसरला असता. आईचं त्यात फारसं बिघडलं नसतं.

घरात आम्ही तिघं. एक्क्याऐंशी वर्षांची आई, मी, आणि माझ्याहून तीन वर्षांनी मोठी ताई. मेव्हणे गेल्यावर ताई शिलाईचं मशीन आणि दोन बॅगा घेऊन आमच्याकडे राहायला आली, त्याला अकरा वर्षं झाली. लग्न मी केलं नाही. म्हणजे दोनदा ठरत आलं होतं, पण दोन्ही वेळा मुलीच्या कानावर माझं बोलणं पडलं. ताई बाहेरच्या खोलीत बसून लोकांचे कपडे घट्ट-सैल करून देते. काम इतकं सफाईदार की टाका कुठे घातलाय ते शोधावं लागतं. पण बाई वेंधळी. चष्मा डोक्यावर सरकवून घरभर चष्मा शोधणार, दूध गॅसवर ठेवून गल्लीत कुणाशी तरी बोलत उभी राहणार. "तुझ्या हातात काही देण्यात अर्थ नाही," हे मी तिला दिवसातून चारदा ऐकवायचो. माणसाला एकच गोष्ट रोज चारदा ऐकवली की शेवटी त्याला ती पटते, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वीपर्यंत आईची औषधं ताईच द्यायची. गोळ्यांच्या पट्ट्या बिस्किटांच्या जुन्या डब्यात, चिठ्ठ्या त्याच डब्यात, वर दोन-चार सुटी बटणंही. एकदा तिने रात्रीची गोळी सकाळी दिली आणि आई दुपारी तीनपर्यंत झोपून राहिली. झालं काहीच नाही. उठल्यावर आई म्हणाली, "आज कसं अंग हलकं वाटतंय." पण मी घर डोक्यावर घेतलं. त्या संध्याकाळी बिस्किटांचा डबा रिकामा करून औषधांचा सगळा कारभार मी माझ्याकडे घेतला. ताई मशीनवर खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, लाजली असेल, बरंच झालं.

मी तक्ता आखला. आडवे वार, उभी औषधं, दिली की निळ्या पेनाने खूण आणि खाली सही. फ्रिजच्या शेजारी भिंतीला लावला. औषधं पाच, पण त्यातली सगळ्यात नाजूक होती हृदयाची गोळी. पांढरी, शर्टाच्या बटणाहून लहान. आईच्या हृदयाचे ठोके भलतेच पळायचे, त्यांना ती लगाम घालायची. आठवड्यातून पाच दिवस द्यायची, शनिवार-रविवार बंद. साप्ताहिक सुट्टी असलेलं औषध मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होतो आणि मला ते मनापासून आवडलं. ही गोळी मी माझ्या कपाटात कुलपात ठेवली. ताईकडे फक्त दुपारच्या दोन आणि रात्रीच्या दोन गोळ्या दिल्या, त्याही आठवड्याच्या मोजून.

आता डेपोतली एक पद्धत सांगायला हवी. सकाळची एखादी फेरी चुकली, म्हणजे ड्रायव्हर आला नाही किंवा गाडी बंद पडली, तर त्याच मार्गावर दुपारी एक जादा गाडी सोडतात. तिला भरपाई फेरी म्हणतात. आणि ती लिहायची कुठे? दुपारच्या रकान्यात नाही, तर सकाळच्या, चुकलेल्या फेरीच्या रकान्यात. म्हणजे दिवस संपताना ठरलेल्या फेऱ्या चाळीस, झालेल्या फेऱ्या चाळीस, साहेब खूश. सकाळी थांब्यावर तासभर ताटकळलेल्या माणसाला दुपारच्या त्या गाडीचा काय उपयोग, असं तक्ता विचारत नाही. एकोणतीस वर्षांत मीही विचारलं नव्हतं.

पहिली गोळी चुकली त्याला चार-पाच महिने झाले असतील. गुरुवारी सकाळी डेपोतून फोन आला, मी तसाच पायात चपला घालून निघालो, आणि संध्याकाळी येऊन बघतो तर गुरुवारचा रकाना कोरा. मला घाम फुटला. ताईने पाहिला तर? तिला उठताबसता बोलणारा मी, आणि माझ्याच रकान्यात भोक! आईच्या ठोक्यांचा विचार त्या वेळी माझ्या मनाला शिवलाही नाही, हे लिहिताना आज मान वर होत नाही. शनिवारी, गोळीच्या सुट्टीच्या दिवशी, मी ती गोळी देऊन टाकली आणि खूण केली गुरुवारच्या रकान्यात. ठरलेल्या पाच, दिलेल्या पाच. आईला काही झालं नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा एकदा तसंच केलं, तेव्हाही काही झालं नाही. मग मला ती पद्धतच वाटायला लागली.

मग तो आठवडा आला. डेपोत नवीन वेळापत्रक लागू झालं होतं आणि तीन ड्रायव्हर एकदम रजेवर गेले होते. मंगळवार ते शुक्रवार मी सकाळी पावणेसहालाच घर सोडत होतो. आई तेव्हा झोपलेली असायची. गोळी द्यायची ती नाश्त्यानंतर, साडेसातला. कपाटाची किल्ली ताईच्या हातात देऊन "साडेसातला एक पांढरी" एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. तीन शब्द. पण मग कारभार माझा एकट्याचा राहिला नसता. रोज वाटायचं, दुपारी येऊन देऊ. रोज येईपर्यंत सात वाजायचे.

शुक्रवारी संध्याकाळी चार रकाने कोरे होते. ताई तक्त्याकडे बघत नसे, बघितला तरी बोलायची तिची छाती नव्हती. तरीही मी फ्रिजसमोर असा उभा राहिलो होतो की तिला दिसू नये. शनिवारी सकाळी मी आईला दोन गोळ्या दिल्या, रविवारी दोन. चार खुणा, चार सह्या, मंगळवार ते शुक्रवार. शनिवार-रविवारच्या रकान्यात, नियमाप्रमाणे, "सुट्टी".

रविवारी दुपारी आईने जेवण टाकलं. मळमळतंय म्हणाली. मग म्हणाली, "अरे, ही भिंत पिवळी का दिसतेय?"

"पिवळीच आहे ती," मी म्हटलं. "नऊ वर्षांत रंग कुठे लावलाय?"

स्वतःच्या विनोदावर मी हसलोही. आई हसली नाही. तिने पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि डोळे मिटले.

सोमवारी सकाळी तिला दोनदा उलटी झाली. मी गोळी आणि पाणी घेऊन आलो तेव्हा ताई पलंगाशी उभी होती. "आज नको देऊस रे," ती म्हणाली. "पोटात अन्नाचा कण नाही तिच्या. डॉक्टरांना एक फोन करून विचारूया का?"

"तू शिलाई कर," मी म्हटलं. "ज्याचं काम त्याला करू दे."

ती बाजूला झाली. सोमवारची गोळी मी सोमवारी दिली, वेळेवर, साडेसातच्या ठोक्याला. मंगळवारचीसुद्धा. मंगळवारी नऊ वाजता डेपोत ताईचा फोन आला. आई मोरीत हात धुताना खाली बसली होती आणि उठत नव्हती.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा आईला आत घेतलं होतं. खाटेशेजारच्या यंत्रावर हिरवा आकडा होता, छत्तीस. मधेच चौतीस व्हायचा. मिनिटाला सत्तर-ऐंशी ठोके पडायला हवेत, इथे निम्मेच पडत होते. आईचे ओठ राखाडी झाले होते आणि ती हाक मारली की उशिरा "ओ" देत होती. ताईच्या हातात आईची चादर, मशीनवरून उठताना खांद्यावर राहिलेली मोजपट्टी तशीच. मी मात्र डेपोतून निघून वाटेत घरी गाडी थांबवली होती आणि भिंतीवरचा तक्ता काढून जुन्या तक्त्यांच्या फाइलीत लावून घेऊन आलो होतो. मला वाटलं, डॉक्टरांना लागेल.

डॉक्टरीण वयाने लहान होती, माझ्या डेपोतल्या नवीन कंडक्टरांएवढी. तिने फाइल उघडली, बोट फिरवत एकेक रकाना वाचला. "हृदयाची गोळी कोण देतं?"

"मी. एकटा मीच."

"एकही चुकलेली नाही. जास्तही नाही. शनिवार-रविवार बंद." तिने पान उलटून मागचा महिना बघितला. "इतका व्यवस्थित तक्ता मी कुणाकडे बघितला नाही. सगळ्यांनी असा ठेवला तर आमचं अर्धं काम कमी होईल."

मी म्हणालो, "थँक्यू."

खरंच म्हणालो. आई चौतीसवर होती आणि मी कौतुक घेतलं.

मग ती आम्हाला दोघांना बाजूला घेऊन बोलली. अगदी साधं बोलली. "दोन शक्यता आहेत. एक, ही गोळी अंगात जास्त साठलीय. या वयात किडनी हळू काम करते, त्यामुळे ती लवकर बाहेर जात नाही. तसं असेल तर तिच्यावर उतारा आहे, तो मागवून देता येईल. दुसरी शक्यता, गोळीचा संबंध नाही, हृदयच थकलंय. मग मला आत तार घालून ठोके बाहेरून चालवावे लागतील. पण गोळी जास्त झाली असेल तर हृदय चिडलेलं असतं. त्यात तार घातली तर ते बिथरू शकतं, थांबूही शकतं. रक्त तपासायला बाहेर पाठवलंय, पण निकालाला चार-पाच तास लागतील. एवढा वेळ थांबता येईल असं वाटत नाही. तक्त्यावरून तरी गोळीचा दोष दिसत नाही."

मी तोंड उघडलं. तेवढ्यात ताई बोलली.

"डॉक्टर, माझ्याच हातून झालं असणार."

डॉक्टरीण तिच्याकडे वळली. ताई मोजपट्टीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "रात्रीच्या गोळ्या मी देते. त्यातली एक अशीच पांढरी, बारीक. मी तिच्याऐवजी हीच दिली असेन. मागेही माझी एकदा चूक झाली होती. मी अशीच आहे, माझं लक्ष नसतं."

"किती दिवस? किती गोळ्या?"

"ते नाही सांगता येत. दोन... की तीन. मला आठवत नाही. पण मीच असेन."

हृदयाची गोळी माझ्या कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं. किल्ली माझ्या पँटच्या खिशात होती, त्या घटकेलाही मांडीला टोचत होती. दीड वर्षात ताईच्या हाताला ती गोळी लागलेलीच नव्हती, लागणं शक्यच नव्हतं, आणि तरी ती शपथेवर सांगायला तयार होती की चूक तिचीच.

"असं झालं असेल का?" डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं.

मी म्हणालो, "ती जरा वेंधळी आहे."

"हो" म्हणालो नाही, हे मी नंतर कितीतरी दिवस स्वतःला सांगत होतो. खोटं असं काही बोललो नव्हतो. ताई वेंधळी आहे, हे कुणीही सांगेल. पण आपण हसे लोकाला अन् शेंबूड आपल्या नाकाला, असली म्हण नुसती आठवून मोकळं होण्यासारखी ती गोष्ट नव्हती. माझ्या मनात त्या वेळी जे आलं ते जसंच्या तसं सांगतो. मनात आलं, ताईवर गेलं तर जाऊ दे. तिला सवय आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अंदाजावर मला काही करता येणार नाही. नक्की माहीत असेल तरच सांगा." त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघितलं आणि त्या आत गेल्या.

बाहेर लांब बाक होतं. ताई एका टोकाला बसली, मी दुसऱ्या. समोरच्या खिडकीतून औषधाच्या दुकानाची रांग दिसत होती. थोड्या वेळाने ताई सरकत माझ्याजवळ आली, पर्समधून रात्रीच्या गोळ्यांची डबी काढली आणि माझ्या हातात ठेवली.

"हेही आता तूच दे," ती म्हणाली. "मी पुन्हा तिच्या औषधाला हात लावणार नाही. तू सांगत होतास ते खरं होतं."

मी डबी घेतली. खिशात घातली, किल्लीच्याच खिशात. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं लोक म्हणतात ना, तसं मला वाटलं नाही. मला एवढंच वाटलं की ही बया अजून इथून उठत का नाही. तिच्या शेजारी बसवत नव्हतं.

मग सिस्टर कागद घेऊन आली. तार घालायला परवानगी. "इथे नाव, इथे नातं, इथे सही. लवकर करा, तयारी झालीय."

सही करणं हा माझा धंदा आहे. दिवसाला दोनशे सह्या करतो, पेन उचलायच्या आधी हात तयार असतो. नाव लिहिलं. नात्याच्या रकान्यात "मुलगा" लिहिलं. आणि सहीची रेघ ओढता ओढता लक्षात आलं की मी हा कागदही अगदी तसाच भरतोय. सगळे रकाने भरले की सगळं ठीक. पेन तिथेच थांबलं. आईसाठी, असं म्हणायला मला आवडलं असतं. पण मला वाटतं, ते भीतीने थांबलं. आता ती तार आत गेली तर आईला मारलं मी, आणि आयुष्यभर रडणार ताई.

"सिस्टर," मी म्हटलं, "डॉक्टरांना बोलवा."

"आधी सही करा."

"सही नाही करत. बोलवा त्यांना!" मी ओरडलोच. चांगलं काम करतानाही मला ओरडल्याशिवाय जमत नाही.

डॉक्टरीणबाई हातात मोजे चढवतच आल्या. मी म्हणालो, "तक्ता खोटा आहे."

"म्हणजे?"

"शनिवारी मी दोन गोळ्या दिल्या. सुट्टीच्या दिवशी."

"दोनच?"

बघा, तिथेही मी अर्धंच सांगितलं होतं. "रविवारी पण दोन," मी म्हटलं. "आधीच्या चार चुकल्या होत्या. त्यांची भरपाई."

"काल?"

"काल एक. उलटी होत होती तेव्हा."

"आज सकाळी?"

मी मान हलवली.

"तोंडाने सांगा."

"आज पण एक. चार दिवसांत सहा."

"याआधी कधी असं केलंय?"

"दोनदा."

सगळं मिळून एक मिनिटही लागलं नसेल. ती चिडली नाही. तिने मोजे काढले, सिस्टरला म्हणाली, "तार नको. उताऱ्यासाठी फोन लाव, आपल्याकडे नसला तर जिथे असेल तिथून, गाडी पाठव." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चुकलेली गोळी चुकू द्यायची असते. भरपाई नसते औषधाला. कळलं नाही तर फोन करून विचारायचं." आणि पळत आत गेली. मला शिव्या ऐकायच्या होत्या. डेपोत एखाद्याने असला घोळ घातला असता तर मी त्याला जन्माचा धडा शिकवला असता. तिला त्यासाठी वेळ नव्हता.

मी वळलो तेव्हा ताई बाकावरून उठून उभी होती.

"म्हणजे मी नव्हते?" तिने विचारलं.

"नाही."

"एकही नाही? रात्रीची पण बरोबर दिली?"

"गोळी माझ्या कपाटात होती, ताई. कुलपात. तुझ्या हाताला लागणारच कशी?"

"हो की रे," ती म्हणाली. "कुलपात होती." मग पुन्हा, अगदी हळू, "म्हणजे मी नव्हते." आणि ती मटकन खाली बसली आणि तोंडावर पदर धरून रडायला लागली. मला वाटलं, आता उठून माझ्या मुस्काटात देईल. मी वाट बघत होतो. पण तिला माझा राग आलाच नव्हता. तिला हायसं वाटलं होतं, आणि ते बघताना मला जेवढी लाज वाटली तेवढी डॉक्टरीणबाईंसमोरही वाटली नव्हती. तिला मी कुठवर नेऊन ठेवलं होतं, ते तिच्या रडण्यावरून कळत होतं.

उतारा दुसऱ्या हॉस्पिटलातून आला. दुपारी हिरवा आकडा चाळीसवर गेला, संध्याकाळी अठ्ठेचाळीस झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चहा मागितला आणि हॉस्पिटलची भिंत पांढरी दिसतेय असं आपणहून सांगितलं; ते पिवळं दिसणंही जास्त झालेल्या गोळ्यांचंच होतं. नऊ दिवसांनी तिला घरी आणलं.

घरी आल्यावर मी तक्ता काढून टाकायला निघालो होतो. ताईने काढू दिला नाही. "तक्त्याने काय केलंय?" ती म्हणाली. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून वारांच्या कप्प्यांची एक डबी आणली. ती ताई रविवारी भरते, मी चिठ्ठीवरून ताडून बघतो. कपाटाला आता कुलूप नाही. परवा दुपारची एक गोळी खरंच राहून गेली, तर ताईने फोन करून विचारलं, आणि त्या रकान्यात लाल पेनाने "चुकली" असं लिहिलं. ते अक्षर मला अजून खुपतं. पण मी पुसलं नाही.

आईला मी सगळं सांगितलं. म्हणजे सांगायला बसलो. ती खिडकीजवळ आरामखुर्चीत होती, ताई मशीनवर. माझी दोन वाक्यं होतायत न होतायत तोच ती म्हणाली, "माहितीय मला. दोन होत्या."

"काय?"

"शनिवारी हातावर दोन ठेवल्यास. रविवारी पण. रोज एक असते, शनिवारी तर नसतेच, एवढं मला समजतं की. वय झालंय, मोजता येतं अजून."

"मग विचारलं का नाहीस?" माझा आवाज चढला, तो मला ऐकू आला आणि मी तो खाली आणला. "आई, विचारायचं नाही का?"

आई पदराची कड बोटांनी सरळ करत बसली. "तू घड्याळ बघत होतास. म्हटलं, विचारलं की चिडेल, मग ताईवर ओरडेल, सकाळी सकाळी घरात भांडण नको. गोळीच तर आहे. गिळून टाकली."

मशीन थांबलं होतं. माझ्या हातून चूक झाली होती, असं मी नऊ दिवस स्वतःला समजावत होतो. मोजण्यात, तक्त्यात, पद्धतीत. पण माझ्या आईने ते विष आहे की औषध हे न विचारता दोनदा गिळलं होतं, कारण ते विचारण्यापेक्षा गिळणं तिला सोपं वाटलं होतं.

मी तिला म्हटलं, "आजपासून प्रत्येक गोळीला विचारायचं. किती आहेत, कसली आहे. मी दिली तरी, ताईने दिली तरी. विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही." ती "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हात पुढे केला, मी ठेवलेली गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायली. मी प्रत्येक वेळी आठवण करायचो आणि ती प्रत्येक वेळी "अगं बाई, विसरलेच" म्हणायची. ती विसरली नव्हती, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

आज सकाळी मी गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि समोर स्टुलावर बसलो. डेपोत उशीर होणार होता, होऊ दिला. आईने गोळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. ओठ हलले. मग तिने मान वळवून मशीनपाशी बसलेल्या ताईला विचारलं, मी तिच्या हाताएवढ्या अंतरावर बसलेलो असताना, अगदी हळू:

"विचारू का गं? चिडणार नाही ना तो?"